विरघळून जाणाऱ्याची नोंद

दर वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर कुरडया होतात. तीन दिवस भिजवलेले गहू वाटायचे, चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून पाडून मोकळं व्हायचं. यंदा मदतीला दोघं होती. माझी मुलगी पुण्यात पॉलिमरवर संशोधन करते. माझा थोरला भाऊ मिरजेला पस्तीस वर्षं लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करून निवृत्त झाला. हातात अजून जोर आहे म्हणून सोऱ्या दादाकडे, आणि प्लॅस्टिकचा कागद सरकवायचं काम मुलीकडे.

"मामा, तू आत्ता जे करतोयस ना, तेच आम्ही लॅबमध्ये करतो," ती म्हणाली. "सोऱ्याच्या जागी नोझल, चिकाच्या जागी पॉलिमर. मूर्तिकार दगड घेतो आणि नको ते काढून टाकतो. आम्ही रिकाम्या पाटापासून सुरू करतो आणि हवं तेवढंच घालत जातो. थरावर थर."

"थ्रीडी प्रिंटिंग. माहीत आहे. दातांचे डॉक्टर साचे काढतात त्यावर."

"कानातल्या श्रवणयंत्रांची कवचंही आता त्यावरच होतात. कुणाचा कान दुसऱ्यासारखा नसतो, मग एकाच साच्यातून हजार कवचं काढून काय करायचं? चक हलला प्रकाशानं थर घट्ट करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं ते १९८६ मध्ये. म्हणजे हे तंत्र माझ्याहून म्हातारं आहे. नवीन आहे ते पुढचं. ही कुरडई तळल्यावर काय होतं?"

"फुलते."

"आकार तू पाडलास, पण शेवटचं रूप तेलातल्या उष्णतेनं दिलं. छापून झाल्यावर उष्णतेनं, ओलाव्यानं, काळानं रूप बदलेल अशी वस्तू आधीच ठरवून छापायची. एमआयटीच्या स्कायलर टिबिट्सनं २०१३ मध्ये त्याला फोरडी प्रिंटिंग म्हटलं. चौथी मिती म्हणजे काळ. आणि अशी वस्तू शरीरात बसवायची."

दादानं सोऱ्या खाली ठेवला. "कुरडई फसली तर मोडून पोरांना देतो आपण. बाळाच्या छातीत बसवलेली वस्तू फसली तर?"

त्या प्रश्नानंतर कुरडयांचं काम माझ्या एकटीवर आलं.

मुलगी आपली बाजू मांडताना आधी उदाहरण शोधते, ही तिची लहानपणापासूनची सवय. तिनं अ‍ॅन आर्बरचं उदाहरण काढलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय, फेब्रुवारी २०१२. ओहायोतलं तीन महिन्यांचं बाळ. डाव्या फुप्फुसाकडे जाणारी नळी इतकी मऊ, की श्वास सोडला की मिटून जायची. बाळ निळं पडायचं, हृदय थांबायचं, पुन्हा सुरू करावं लागायचं. ग्लेन ग्रीन हे कान-नाक-घशाचे सर्जन आणि स्कॉट हॉलिस्टर हे अभियंते, दोघांनी बाळाच्या सीटी स्कॅनवरून संगणकात त्या नळीचं हुबेहूब रूप उभं केलं. त्यावर बसेल असा एक छोटा, एका बाजूनं उघडा पन्हाळा आखला. पॉलीकॅप्रोलॅक्टोनची भुकटी लेझरनं थरावर थर चिकटवून तो छापला. औषध प्रशासनाची तातडीची परवानगी घेतली आणि तो नळीच्या बाहेरून बसवून नळीची भिंत त्याला टाक्यांनी बांधून टाकली.

"आतून नाही, बाहेरून," ती म्हणाली. "मांडवाला टेकू लावतात तसा नाही. मांडवाचं कापड वरच्या बांबूला बांधून ताणून धरावं तसा. आत काही नाही, त्यामुळे कफ अडकायला जागा नाही. तीन आठवड्यांनी बाळाचा व्हेंटिलेटर सुटला. २०१३ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं."

"आणि बाळ वाढलं की पन्हाळा आवळणार नाही?"

"म्हणून तर एक बाजू उघडी. नळी मोठी होईल तशी ती फट रुंदावते. किती जोर लागला की किती उघडायची, हे भिंतीच्या जाडीवरून आधीच ठरवलेलं असतं. साधारण तीन वर्षांत तो शरीरातल्या पाण्यानं तुटत तुटत विरघळून जातो. आणि बहुतेक मुलांची नळी दोन-तीन वर्षांची होईपर्यंत स्वतःच ताठ होते. म्हणजे गरज संपते तेव्हाच आधार जातो. काढायला दुसरी शस्त्रक्रिया नाही."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग जे बोलला, ते तो घरी सहसा बोलत नाही.

"जन्मतः अन्ननलिका जोडलेली नसलेली बाळं यायची माझ्याकडे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची श्वासनळीही मऊ असायची. अन्ननलिका जोडायची, आनंदानं वॉर्डात पाठवायचं, आणि दूध पाजताना बाळ निळं पडायचं. एक ऊसतोड कामगाराचं होतं. बीडकडचं. आम्ही महारोहिणी टाके घालून पुढे छातीच्या हाडाकडे ओढून घेतली, म्हणजे नळीवरचा दाब कमी होतो. थोडं जमलं, पुरेसं नाही. मग गळ्याला भोक पाडून नळी घातली. त्या नळीची काळजी पालावर कोण घेणार? आई-बाप चार महिने वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात राहिले. हंगाम बुडाला. बाळ संसर्गानं गेलं." तो थांबला. "तू म्हणतेस तसा पन्हाळा त्या दिवशी कुणी माझ्या हातात ठेवला असता, तर मी प्रश्न विचारत बसलो असतो का? नसतो. बसवला असता. आणि म्हणूनच मला भीती वाटते. ज्याला सर्वांत जास्त गरज असते, तो सर्वांत कमी प्रश्न विचारतो."

मला तेव्हा कळलं की या दोघांत नव्याचा शत्रू आणि नव्याचा भक्त असा वाद नाहीच. दादाला ती वस्तू तिच्यापेक्षा जास्त हवी होती.

"तू मिशिगन सांगितलंस, मी स्टॉकहोम सांगतो," तो म्हणाला. "तीच श्वासनळी, तीच वर्षं. २०११ चा जून. कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारीनी नावाच्या सर्जननं एका रुग्णाची श्वासनळी काढून तिथे प्लॅस्टिकची नळी बसवली. तिच्यावर रुग्णाच्याच स्टेम सेल पेरल्या होत्या. नळीवर जिवंत आवरण धरेल, ती शरीराची होईल, असा दावा. जगभर कौतुक झालं, लॅन्सेटमध्ये निबंध आला. कॅरोलिन्स्कात असे तीन रुग्ण झाले, तिघेही गेले. तिथल्याच डॉक्टरांनी तक्रारी केल्या तर आधी त्यांच्यावरच संशय. २०१६ मध्ये त्याला संस्थेनं काढलं, २०१८ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला, २०२३ मध्ये अपील न्यायालयानं अडीच वर्षांची शिक्षा दिली. तीसुद्धा हुशार नळीच होती ना?"

"नव्हती," मुलगी ताडकन म्हणाली. "मामा, या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नकोस. त्यानं रुग्णाचा अवयव काढून टाकला. परतीची वाटच नाही. प्राण्यांवर पुरेसे प्रयोग नाहीत. मिशिगनमध्ये बाळाची स्वतःची नळी जागेवर होती, रक्तपुरवठ्यासकट. पन्हाळ्यानं फक्त तिला धरून ठेवलं. डुकरांवर आधी करून बघितलं होतं. एक म्हणतो मी अवयव बनवतो, दुसरा म्हणतो तुमचा अवयव सावरेपर्यंत मी हात देतो."

"हे बरोबर आहे," दादा म्हणाला. तो सहसा इतक्या लवकर मान्य करत नाही. "पण मॅकियारीनीच्या रुग्णाला हा फरक कुणी समजावला असता? दोघांकडेही सुंदर चित्रं होती, दोघांकडेही मोठं नियतकालिक होतं."

"फरक आकड्यांत नसतो, पद्धतीत असतो. आणि मिशिगनचे लोक घाईनं शंभर बाळांवर धावले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी तीन बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. बसवताना सर्वांत लहान तीन महिन्यांचं, सर्वांत मोठं सोळा महिन्यांचं."

"तीन."

"हो, तीन. आणि त्यांनी ती तीनच सांगितली."

दादानं पुन्हा सोऱ्या हातात घेतला. मी हुश्श केलं, पण ते काही कुरडयांसाठी नव्हतं. त्याला हातात काहीतरी असलं की बोलायला बरं पडतं. "तुम्ही अशा वस्तूंना 'स्मार्ट' म्हणता, मला त्या शब्दाचाच राग आहे. वस्तूला अक्कल नसते. अक्कल वापरणाऱ्याला असावी लागते."

"मग तू पस्तीस वर्षं स्मार्ट वस्तूच वापरलीस. विरघळणारा टाका."

"तो दोरा आहे."

"तो पॉलिमर आहे. ग्लायकोलाइड आणि लॅक्टाइडचा. जखम धरून ठेवतो आणि ती भरली की पाण्यानं तुटतो. मोनोक्रिलमध्ये तर कॅप्रोलॅक्टोनच असतं, मिशिगनच्या पन्हाळ्याचा सख्खा भाऊ. फॉइलच्या पाकिटात का येतो तो? कारण कोकणातल्या जुलैच्या हवेतला ओलावा लागला तर तो पाकिटातच विरघळायला लागेल. तू त्याला स्मार्ट म्हणायचा नाहीस, पण त्याच्यावर विश्वास टाकायचास."

"विश्वास टाकायचो, कारण त्याला सत्तरच्या दशकापासून जगानं वापरून पाहिलंय. कुठला टाका किती दिवस जोर धरतो हे मला पाठ होतं. पोटाच्या आतल्या थराला एक, कातडीला दुसरा. ते पाठ व्हायला लाखो रुग्ण लागले गं."

या मुद्द्यापाशी मी जरा थांबते, कारण वाचणाऱ्याला या पदार्थांची 'हुशारी' म्हणजे नेमकं काय ते कळायला हवं. मुलीनं ती मला तीन प्रकारांनी सांगितली आणि तिसरा मला सर्वांत आवडला. पहिला प्रकार वेळेवर विरघळण्याचा; तो वर आलाच. दुसरा आकार लक्षात ठेवण्याचा. अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होता, १९५९ च्या सुमारास. निकेल आणि टायटॅनियम निम्मं-निम्मं घेऊन त्यानं एक मिश्रधातू केला. एका बैठकीत त्याची पंख्यासारखी घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती, एकानं तिला लायटरची ज्योत लावली आणि पट्टी सगळ्यांसमोर ताडकन सरळ झाली. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं मिळून निटिनॉल. वाकडे दात सरळ करायच्या तारा, रक्तवाहिनीत जाऊन स्वतःहून उघडणाऱ्या जाळ्या, सगळ्यांत तो आहे. थंड असताना धातूतल्या अणूंची मांडणी एक, ऊब मिळाली की दुसरी, आणि त्या दुसऱ्या मांडणीत मूळ आकार दडलेला.

तिसरा प्रकार आपल्या अंगणातला. कांचनाची शेंग वाळली की दोन्ही टरफलं एकमेकांविरुद्ध पिळवटतात आणि बिया उडतात. टरफलाच्या दोन थरांतले तंतू आडव्या-तिरप्या दिशांनी घातलेले असतात. वाळताना दोन्ही थर वेगवेगळ्या दिशांनी आखडतात, म्हणून टरफल पिळतं. शेंगेत स्नायू नाही, मेंदू नाही, ओल्या-कोरड्याचा हिशेब तंतूंच्या दिशेत लिहिलेला आहे. हार्वर्डमध्ये जेनिफर लुइस यांच्या चमूनं २०१६ मध्ये हीच युक्ती छापून दाखवली. मऊ जेलमध्ये लाकडाच्या लगद्यातले बारीक तंतू मिसळले. नोझलमधून जेल जाताना तंतू आपोआप जेलच्या वाहण्याच्या दिशेला वळतात, आपल्या सोऱ्यातून चीक जाताना लांब धागा होतो तसे. सपाट फूल छापलं, पाण्यात टाकलं, आणि पाकळ्या ऑर्किडसारख्या वळून उभ्या राहिल्या. उद्या अशी घडी शरीरात नेऊन ओलाव्यानं उलगडता येईल, ही आशा. कांचनाची शेंग मी लहानपणी शेकडो वेळा फोडली आहे. त्यात एवढं लिहिलेलं आहे हे मला मुलीमुळे साठाव्या वर्षी कळलं.

दादानं हे ऐकून घेतलं. मग एकेक करून त्यानं सर्जनचे प्रश्न काढले.

"निर्जंतुक कसं करणार? आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, १२१ अंश."

"पॉलीकॅप्रोलॅक्टोन साठ अंशांना वितळतं. ऑटोक्लेव्हमध्ये घातलंस तर सकाळी थेंब मिळेल. इथिलीन ऑक्साइड वायूनं करावं लागतं, आणि मग तो वायू पूर्ण निघून जाईपर्यंत वाट बघावी लागते."

"तालुक्याच्या गावात?"

"नाही. आज तरी नाही."

"आणि साठवण? शरीराच्या तपमानाला उघडणारी वस्तू तू मे महिन्यात ट्रकनं अकोल्याला पाठवलीस. ट्रकमध्ये पंचेचाळीस. ती तिथेच उघडून बसेल."

"बसेल. म्हणून एकतर घट्ट आवरणात कोंडून पाठवायची, नाहीतर थंड साखळीत. हा प्रश्न बॉस्टनमध्ये कुणाला पडत नाही, तो आपल्यालाच सोडवावा लागेल."

"निटिनॉल छापता?"

इथे ती जरा घुटमळली. मला ते आवडलं. "छापतात. पण अजून हातात पूर्ण आलेलं नाही. लेझरनं भुकटी वितळते तेव्हा निकेल टायटॅनियमच्या आधी वाफ होऊन उडतं. थोडंच उडतं, पण दशांश टक्क्यानं प्रमाण बदललं तरी रूप बदलायचं तापमान दहाएक अंशांनी सरकतं. म्हणजे आपण सदतीसला उघडेल म्हणून छापावं आणि ती सत्तेचाळीसला उघडावी. तीच भुकटी, तेच यंत्र, लेझरचा वेग जरा वेगळा, आणि वस्तू वेगळी."

"म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू सारख्या नसतील."

"प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक घाण्याला तपासावं लागेल."

"आणि तुमची तर प्रत्येक वस्तूच निराळी. एका रुग्णासाठी एक."

ती गप्प झाली. दादा मात्र आता थांबणार नव्हता. त्याच्या मनात स्टेंटचं प्रकरण होतं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

"अ‍ॅब्सॉर्ब आठवतो? हृदयाच्या धमनीत बसवायचा, दोन-तीन वर्षांत विरघळून जाणारा स्टेंट. धातू आयुष्यभर राहतो, हा जाईल, धमनी पुन्हा मोकळी नाचेल. किती सुंदर कल्पना! आपल्याकडेही बसवले लोकांनी, महागात. अमेरिकेनं जुलै २०१६ मध्ये एका वर्षाच्या निकालांवर परवानगी दिली. वर्षभरात धातूच्या स्टेंटपेक्षा वाईट दिसत नव्हता. मार्च २०१७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं. दोन वर्षांत हृदयाचे गंभीर प्रसंग अकरा टक्के, धातूच्या स्टेंटमध्ये सात-पूर्णांक-नऊ. तीन वर्षांत स्टेंटमध्ये गुठळी झालेले २.३ टक्के, तिकडे ०.७. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं विक्री थांबवली. बघ, गंमत म्हणून सांगत नाही. विरघळणारी वस्तू पहिल्या वर्षी शहाण्यासारखी वागते. ती कशी आहे ते ती विरघळताना कळतं."

"ते छापलेलं नव्हतं, मामा. जाड तारांचा पॉलिलॅक्टाइड होता. पातळ करता आला नाही, म्हणून रक्त अडखळलं. कल्पना चुकीची नव्हती."

"कल्पना रुग्णात बसवत नाहीत. वस्तू बसवतात."

यावर मुलीकडे उत्तर नव्हतं. दादाला जिंकल्यासारखंही वाटलं नसावं, कारण तो पुन्हा त्या बाळाबद्दल बोलायला लागला. "मला अजून वाटतं, ते बाळ वाचलं असतं. हे दोन्ही खरं आहे आणि मला दोन्ही सांगायचंय."

आता मला बोलावं लागलं. मी शास्त्रज्ञ नाही, सर्जन नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं. पण आमच्या आईचं एक प्रकरण होतं आणि त्यात मला या दोघांचाही मुद्दा दिसत होता.

आईला स्टेंट बसवला होता, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात. सहा वर्षांनी ती घरात पडली, मानेतली नस दबली असेल म्हणून एमआरआय सांगितला. तिथल्या तंत्रज्ञानं पहिला प्रश्न विचारला: शरीरात काय काय बसवलंय आणि कुठल्या कंपनीचं? मांडीत जुनी सळी होती, हृदयात स्टेंट. कार्ड सापडेना. पहिल्या रुग्णालयात फोन केला. त्यांनी सांगितलं, इतक्या जुन्या फायली आता ठेवत नाही. सळी बसवणारं रुग्णालय तर बंदच झालं होतं. दोन दिवस तपासणी थांबली. शेवटी एक्स-रे काढून, धातू पाहून, अनुभवी डॉक्टरांनी अंदाज बांधला आणि एमआरआय झाला. काही वाईट झालं नाही. पण त्या दोन दिवसांत आईच्या शरीरात काय आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

"एक सांगा मला," मी म्हणाले. "आईचा स्टेंट धातूचा होता म्हणून निदान एक्स-रेत दिसला. तुमची वस्तू विरघळून गेल्यावर एक्स-रेत काय दिसणार?"

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"आणि दहा वर्षांनी त्या मुलाला काही त्रास झाला, तर तपासायला काय उरणार?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. दादा आधी बोलला. "धातूचा खुबा बिघडला तर काढून प्रयोगशाळेत देता येतो. कुठे झिजला, कसा झिजला, सगळं दिसतं. हा तर पुरावाच गिळून टाकतो."

"उरेल ती फाइल," मुलगी हळू म्हणाली. मग एकदम भरभर. "संगणकातलं रेखाटन. भुकटीच्या घाण्याचा क्रमांक. लेझरचा जोर, वेग. निर्जंतुक कधी केलं. सगळं आमच्याकडे आपोआप नोंदवलं जातं, यंत्रच लिहितं. साच्यातल्या वस्तूच्या हजार नगांत एका तुकडीची चूक सापडली तर तुकडी परत मागवता येते. आमच्यात तुकडीच नाही, एकेक नग. पण म्हणूनच एकेकाचा पूर्ण इतिहास आहे. तो रुग्णाला द्यायचा, एवढंच राहिलंय."

"एवढंच?" दादा म्हणाला. "ते सर्वांत अवघड आहे. लेझर बसवायला पैसे लागतात. कागद वीस वर्षं सांभाळायला माणसं लागतात."

मला वाटतं, त्या सकाळचं जे काही निष्पन्न झालं ते हे. मुलगी म्हणते वस्तू हुशार करू. दादा म्हणतो वापरणारा हुशार हवा. माझं म्हणणं तिसऱ्याबद्दल आहे. वस्तू विरघळेल, सर्जन निवृत्त होईल, कंपनी विकली जाईल. ज्या बाळात ती बसवली ते तेव्हा शाळेत जात असेल. त्याच्यासोबत जायला हवी ती नोंद. विरघळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ती नोंद वस्तूचाच भाग मानली पाहिजे. पन्हाळ्याइतकीच काळजीनं छापली पाहिजे. पदार्थाला आकार लक्षात ठेवायला शिकवणारे आपण रुग्णाला काय बसवलं हे लक्षात ठेवायला शिकलो नाही, तर त्या पदार्थाची स्मरणशक्ती आपल्या काही कामाची नाही.

आपल्याकडे साधनं अगदीच नाहीत असं नाही. २०१५ पासून उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. कुणीही डॉक्टर त्यात कळवू शकतो. दादाला त्याचं नाव ठाऊक होतं, पस्तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात त्यानं एकदाच फॉर्म भरला होता. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी धोक्याप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग केले. त्याच वर्षी स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर, साधा ७,२६० वर, आणि विरघळणाराही त्याच २९,६०० मध्ये. आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एका टेबलावर बसून उपकरणं करतात. तिथे आता तिसरी खुर्ची हवी, नोंद सांभाळणाऱ्याची.

दादाचं आणि मुलीचं मतैक्य झालं नाही. जेवताना ती म्हणत होती की दहा वर्षांत जिल्हा रुग्णालयात मऊ श्वासनळीच्या बाळासाठी पन्हाळा छापून मिळेल. तो म्हणत होता की दहा वर्षांत पन्नास बाळांची नीट, पूर्ण हकिकत लिहून झाली तरी तो समाधानानं मरेल. मला दोघांचं ऐकून वाटलं, तिनं छापावं आणि त्यानं लिहावं. संध्याकाळी खरंच तो तिच्याकडून लॅपटॉप मागून घेऊन बसला. मऊ श्वासनळीच्या बाळाला वस्तू बसवली तर पुढची दहा वर्षं काय काय नोंदवायचं, याचा तक्ता त्यानं केला. पहिल्या ओळीत रुग्णाचं नाव. दुसऱ्या ओळीत आई-वडिलांचा फोन. तिसऱ्या ओळीत, कंसात: फोन बदलला तर कुणाला विचारायचं.

वाचकहो, घरात कुणाच्या शरीरात स्टेंट, सळी, प्लेट, झडप, पेसमेकर, विरघळणारा किंवा न विरघळणारा कुठलाही तुकडा असेल, तर आज संध्याकाळी त्याचं कार्ड शोधा. कार्डावरचा क्रमांक आणि कंपनी दिसेल असा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कार्ड सापडलं नाही, तर रुग्णालयाकडे लेखी मागा. रुग्णालय अजून उघडं आहे तोवर मागा.